बोटांनी वाचणाऱ्या रुख्मिणीची धूळपाटी

मित्रांनो, माझ्या पोटावर धूळ पसरतात आणि माझ्या पाठीवर अक्षरे कोरलेली आहेत. अशी दुसरी धूळपाटी तुम्ही पाहिली नसेल. आता मी फार जुनी झाले आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. तरी कुणी माझ्या पाठीवरून बोट फिरवले की मला एक पोरगी आठवते, आणि इतक्या वर्षांनंतरही माझे मन थक्क होते. तिचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म अमरावतीला, नत्थुजी सुताराच्या आवारात झाला. ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. गावोगावच्या बंड्या कापूस भरून अमरावतीकडे निघत. वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांत इतका कापूस अडकून राही, की झाडे म्हातारी झाल्यासारखी दिसत. नत्थुजींना चाके आणि आरे करता करता श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी मेळघाटातून आलेल्या सागाची एक फळी होते. एका बंडीच्या बाजूला बसवण्यासाठी मला कापले आणि मी चार बोटे आखूड पडले.

त्याच दिवशी खुशालराव माळी आपल्या बंडीचा आस दुरुस्त करायला आले होते. भातकुलीकडच्या एका लहान गावात त्यांचा भाजीचा मळा होता. लहानपणी दोन वर्षे ते रिद्धपूरच्या एका मठात राहिले होते आणि तिथल्या महंतांनी त्यांना बाळबोध अक्षरे शिकवली होती. त्यांच्या गावात तेव्हा शाळा नव्हती. आपल्या मुलाला आपणच शिकवावे असे त्यांच्या मनात होते.

"नत्थुजी, हे फळी कामाची नसन तं मले द्या," ते म्हणाले. "पोट्ट्याले अक्षरं गिरवाले पाह्यजे."

नत्थुजींनी मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि मी धूळपाटी झाले.

खुशालरावांच्या घरी माझ्यावर विटेची बारीक पूड पसरत. शेषराव आठ वर्षांचा होता. बापाने बोटाने 'ग' काढला की त्यावरून तो बोट फिरवी. पूड हलवली की पाटी पुन्हा कोरी. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर एक अक्षर उमटले तेव्हा मला वाटले, हे काय आहे? ही नुसती वाकडी रेघ, आणि हिला आवाज आहे. जंगलात मी शेकडो पावसाळे उभी होते, वाऱ्याचे आणि पाखरांचे आवाज ऐकले होते. पण आवाज धुळीत काढून ठेवता येतो, हे मला ठाऊक नव्हते.

शेषरावशेजारी त्याची बहीण रुख्मिणी बसायची. ती सहा वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी तिला देवी आल्या आणि त्यांत तिचे दोन्ही डोळे गेले. तिला कुणी शिकायला बसवले नव्हते. भाऊ जिथे बसे तिथे ती बसे, एवढेच.

एके दिवशी तिने हात पुढे केला आणि धुळीत काढलेल्या 'ग'वर बोटे ठेवली. अक्षर मोडले.

"बा, कुठी गेलं थे?" तिने विचारले.

"तुया हातानं मोडलं, माय," बाप म्हणाला आणि त्याने पुन्हा काढून दिले. तिने पुन्हा हात लावला, अगदी हळू. ते पुन्हा मोडले. असे पाच वेळा झाले. पाचव्या वेळी तिने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. ती रडली नाही. पण त्या वेळी मला माझी लाज वाटली, मित्रांनो. ज्या धुळीमुळे शेषरावला अक्षर मिळत होते, तीच धूळ तिला अक्षर देत नव्हती.

तिची आई मनकर्णाबाई दारात मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला वाचता येत नव्हते. तिने हे सगळे पाहिले आणि हातातली जुडी खाली ठेवली.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "धुळीत मोडते तं लाकडात मोडन काय?"

दुसऱ्या दिवशी भाजीच्या टोपल्यांबरोबर मलाही बंडीत घातले आणि आम्ही अमरावतीला नत्थुजींकडे गेलो. मनकर्णाबाई आणि रुख्मिणीही आल्या होत्या. खुशालरावांनी खडूने माझ्या पाठीवर अक्षरे काढून द्यायची आणि नत्थुजींनी ती पटाशीने कोरायची, असे ठरले.

"पहिलं कोणतं?" नत्थुजींनी विचारले.

खुशालराव 'अ' काढू लागले, तेव्हा मनकर्णाबाई मध्येच म्हणाली, "आपल्या मळ्यातले आधी घ्या. तिनं जे हातात धरलं हाये, थे तिले लवकर समजन."

म्हणून माझ्या पाठीवर पहिला आला मेथीचा म. मग भेंडीचा भ, गवारीचा ग, वांग्याचा व, लसणाचा ल, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, स, चवळीचा च, दोडक्याचा द. सोळा अक्षरे मावली. जगातल्या कोणत्याच पाटीवर मुळाक्षरे अशा क्रमाने नसतील. उरलेली अक्षरे आणखी दोन फळ्यांवर कोरली, त्या माझ्या बहिणी झाल्या. पटाशीचे घाव मला लागले, नाही असे नाही. पण नत्थुजी एकेक खाच खरवडून इतकी गुळगुळीत करत होते, की त्यात बाळाचे बोट घातले तरी कुसळ लागू नये.

सोळावे अक्षर झाल्यावर रुख्मिणीचे बोट आईने धरून पहिल्या खाचेत ठेवले. बोट आडव्या रेघेवरून गेले, खाली उतरले, गाठीभोवती वळले आणि पुन्हा वर गेले. ती पुन्हा सुरुवातीला आली. अक्षर जागेवरच होते.

"मोडलं नाई," ती म्हणाली.

आवारातला घणाचा आवाज थांबला होता. आजूबाजूचे दोन-तीन बंडीवाले येऊन उभे राहिले होते. नत्थुजींनी तोंड फिरवून पागोट्याच्या शेवाने कपाळ पुसले. त्यांनी त्या कामाची मजुरी घेतली नाही.

त्यानंतर जे घडले, ते मी माझ्या पाठीवर अनुभवले आहे. कापसाच्या दिवसांत खुशालराव भाड्याने कापूस वाहायला बंडी घेऊन महिना महिना बाहेर असत. रेल्वे अजून वऱ्हाडाच्या वेशीवरच होती आणि कापूस तिथपर्यंत बंड्यांनीच न्यावा लागे. अशा वेळी अक्षरे न येणारी मनकर्णाबाई शिकवायला बसे. ती पोरीच्या एका हातात भेंडी देई आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवी. "हे भेंडी. तिचा भ दुसऱ्या घरात हाये." पोरगी भेंडीची लव चोळी, वास घेई आणि खाच चाचपत म्हणे, "भ." 'ळ'ने सुरू होणारी भाजी काही सापडेना. तेव्हा तिने पोरीला केळे दिले आणि सांगितले, "हे शेवटून खा, शेवटी ळ हाये." मोजणीसाठी चिंचोके होते. लिहिण्यासाठी ती काळी माती भिजवून ताटलीएवढी थापी, आणि रुख्मिणी त्यात बोटाने अक्षरे ओढी.

खुशालरावांनी आणखी एक युक्ती काढली. बंडी घेऊन निघण्याआधी ते चिखलाच्या वडीत सरकीचे दाणे टोचून शब्द लिहीत आणि वडी उन्हात वाळवून ठेवत. बाप गेल्यावर रुख्मिणी रोज एक वडी घेई आणि बोटाने वाची. 'बैल बरा आहे.' 'आईचे ऐक.' 'मी येतो.' बाप दहा कोसांवर कुठेतरी बंडी हाकत असायचा आणि त्याचे बोलणे पोरीच्या बोटाखाली असायचे. पहिल्यांदा तिने 'मी येतो' वाचले, तेव्हा ती वडी घेऊन घरभर फिरली आणि शेवटी दाराकडे तोंड करून बसली.

शेजारपाजारच्या लोकांनी हे पाहिले. मग कुणी आपला मुलगा आणून बसवला, कुणी दोन. बघता बघता मळ्यातल्या आंब्याखाली सात मुले बसू लागली. डोळसांनाही खाचेतले अक्षर लवकर येई.

त्याच सुमारास वऱ्हाडात सरकारी शाळा निघू लागल्या. आमच्या गावालाही एक मिळाली. गावचे पाटील किसनराव त्यासाठी चार वेळा तहसिलीत खेटे घालून आले होते. माणूस तापट होता, पण गावाचे भले व्हावे असे त्यांना मनापासून वाटे. हुकूम असा होता, की पटावर वीस मुले नसतील तर शाळा दुसऱ्या गावाला जाईल. पटावर तेरा मुले होती. उरलेली सात आंब्याखाली होती.

पाटील मळ्यात आले. खुशालराव तेव्हा बंडी घेऊन बाहेरगावी गेले होते.

"मनकर्णाबाई, हे घरची शाळा बंद करा. पोट्टे सरकारी शाळेत धाडा."

"धाडतो जी," ती म्हणाली. "शाळा चांगलीच हाये. पण माई रुख्मिणीही त्याईच्या संगं येईन."

"आंधळ्या पोरीले पटावर कसं घेऊ? साहेब काय म्हणन मले?"

"तिले अक्षरं येतात."

"अव, पाठ केलं असन तिनं."

"मंग पाह्यजा तिले वाचतानी."

पाटलांना ते पाहायचे नव्हते. त्यांना वीस मुले हवी होती आणि डिप्टीसाहेब पुढच्या महिन्यात शाळा तपासायला येणार होते. मनकर्णाबाई हटेना. तेव्हा त्यांनी आम्हा तिघी बहिणींना उचलून बंडीत टाकले. "पाट्याच नाई राह्यल्या तं शिकवसान कायनं?" असे म्हणून ते निघून गेले. रुख्मिणी आमच्या मागे आवाजाच्या दिशेने चालत आली, पण चाकांचा आवाज दूर गेल्यावर ती वाटेत उभी राहिली.

आम्हाला चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवले. कुणी माझ्यावर पागोटे वाळत घाले, कुणी पाठ टेकवून बसे. खाचांत धूळ भरली. माघाचे दिवस होते. एका सकाळी थंडी फार होती, चावडीवर शेकोटी पेटली आणि कुणीतरी न पाहताच हाताला आलेली फळी आत टाकली. ती माझी धाकटी बहीण होती. तिच्या पाठीवर तेरा अक्षरे होती. साग हळू जळतो. तिची अक्षरे शेवटपर्यंत दिसत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एवढेच वाटत होते, की ती तेरा अक्षरे आता त्या पोरीला कुठे सापडणार?

डिप्टीसाहेब आले त्या दिवशी सकाळीच मनकर्णाबाई, खुशालराव आणि रुख्मिणी चावडीसमोर येऊन बसले. डिप्टी पुण्याकडचे होते. तरुण, उंच, बोलायला सौम्य. शाळा पाहून ते चावडीवर आले, तेव्हा खुशालरावांनी हात जोडून सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी मला मागवले आणि उलटी करून पाहिले.

"ही कुठली बाराखडी?" त्यांनी विचारले. "म, भ, ग, व... काही क्रमच नाही."

"भाजीचा क्रम हाये जी," मनकर्णाबाई म्हणाली.

"तुम्ही शिकवता?"

"मले वाचता येत नाई. मी भाजी हातात देतो, अक्षर तिचं थे ओळखते."

साहेबांना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. "एकूण तीन पाट्या होत्या म्हणता, मग इथे दोनच कशा?"

पाटील खाली बघू लागले. चावडीवरच्या एकाने सांगितले, की तिसरी शेकोटीत गेली. मी रुख्मिणीकडे पाहिले. तिचे तोंड उतरले. मग ती आईला म्हणाली, "माय, चिखल दे."

चावडीमागच्या काळ्या मातीत पाणी घालून आईने मोठा गोळा मळून आणला आणि साहेबांसमोर थापला. रुख्मिणी गुडघ्यावर बसली. तिने बोट टेकवले आणि 'ट' काढला. मग 'ठ', मग 'ढ'. चावडीवर गर्दी झाली होती. तिने 'ण' काढला, दोन्ही उभ्या रेघा नीट जागच्या जागी. जळालेली तेराच्या तेरा अक्षरे तिने त्या चिखलात परत आणली. माझी बहीण राख झाली होती, पण तिच्या पाठीवरचे काहीच जळले नव्हते. ते सगळे त्या पोरीच्या बोटांत होते. मित्रांनो, माणसाच्या पोरात एवढे काही मावते, हे मला त्या दिवशी कळले.

"पाठांतर असू शकतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. ते जणू स्वतःलाच सांगत होते. मग ते खाली बसले. त्यांनी मनकर्णाबाईने पदरात बांधून आणलेली मूठभर सरकी घेतली आणि आपल्या हातांनी चिखलात दाणे टोचू लागले. त्यांची स्वच्छ बोटे काळी झाली. "हा शब्द हिला कुणी शिकवला नसेल. वाच, बाळ."

रुख्मिणीचे बोट पहिल्या दाण्यावर आले. "शि," ती म्हणाली. पुढे गेली. "र." मग थांबली. मागे येऊन पुन्हा चाचपले. "व." शेवटच्या अक्षराशी ती फार वेळ राहिली. साहेबांनी एक दाणा थोडा बाजूला टोचला होता. मनकर्णाबाईने पदराचा शेव घट्ट धरला होता. खुशालरावांना शब्द दिसत होता, पण ते ओठ मिटून होते.

"ळ," रुख्मिणी म्हणाली. "शिरवळ. हे काय असते जी?"

"माझं गाव," साहेब म्हणाले. "फार लांब आहे ते. माझी आई असते तिथे."

ते उठले आणि त्यांनी बोटांवरचा चिखल पुसला.

आता तुम्हाला वाटेल, की साहेबांनी रुख्मिणीचे नाव लगेच पटावर लिहिले. तसे झाले नाही. साहेब म्हणाले, अशा मुलीला दाखल करण्याचा नियम नाही आणि आपण नेमून दिलेल्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही.

"नाव लिवलं असतं तं बरं झालं असतं जी," मनकर्णाबाई म्हणाली.

"माझ्या हातात आहे तेवढं करतो, बाई," असे म्हणून त्यांनी शाळेच्या शेरेबुकात लिहिले, आणि मोठ्याने वाचूनही दाखवले. 'या घरी चालणारे शिकवणे कोणी बंद पाडू नये. पाट्या आजच परत कराव्यात. सात वर्षांखालील मुलांनी मुळाक्षरे तेथे शिकावी व नंतर शाळेत यावे. त्यांची नावे आजपासून शाळेच्या पटावर धरावी.' त्यामुळे पाटलांची वीस मुले भरली आणि गावाची शाळा वाचली. आम्हा दोघी बहिणींना पाटलांनी स्वतःच्या डोक्यावर घेऊन मळ्यात पोचवले. दारात आल्यावर ते म्हणाले, "पोरी, मले माफ कर. मी पाह्यलं नाई."

नत्थुजी तोवर रेल्वेच्या कामावर अकोल्याकडे गेले होते. तिसरी पाटी खुशालरावांनीच कोरली. रुख्मिणी चिखलात अक्षर काढी आणि तिच्या रेघेवर रेघ ठेवून ते चाकूने लाकूड टोकरत. ती पाटी ओबडधोबड झाली, पण तिच्यावर एकही अक्षर चुकले नाही.

शेषराव शाळेत गेला आणि पुढे अकोल्याच्या स्टेशनात नोकरीला लागला. अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव उतरला, रेल्वे अमरावतीच्या जवळ आली आणि लांब पल्ल्याच्या बंड्या थांबल्या. रुख्मिणी मळ्यातच राहिली. गावातली लहान पोरे आधी तिच्याकडे येत. ती त्यांचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवी, आणि कुणाचे बोट चुकीकडे वळले तर तिला ते न बघता कळे. शाळेचे पंतोजी म्हणत, रुख्मिणीबाईंकडून आलेल्या मुलाचा 'ण' कधी बिघडत नाही.

पुढे दगडी पाट्या आल्या. त्या हलक्या होत्या, काळ्याभोर होत्या, पेन्सिलीने लिहायच्या होत्या. पोरांनी आम्हाला सोडले. मला रांजणावर झाकण म्हणून ठेवले. मी रागावले नाही. पण पाठ पाण्याकडे असे. खाचांत ओल शिरे. कुणाचे बोट लागत नसे. तसे बरेच दिवस गेले.

एका दुपारी रुख्मिणी पाणी घ्यायला आली. झाकण उचलताना तिची बोटे खाचांना लागली आणि ती थांबली. तिने मला पुसले, उन्हात ठेवले, आणि मग आईला हाक मारली. मनकर्णाबाईचे केस आता पांढरे झाले होते.

"माय, इकडं ये. बस."

"काहून व?"

"बस तं सही."

तिने आईचे बोट धरले आणि माझ्या पाठीवरच्या पहिल्या खाचेत ठेवले. भाजी निवडून जाड झालेले ते बोट आधी अडखळले. मग आडव्या रेघेवरून गेले, खाली उतरले, गाठीभोवती वळले. इतकी वर्षे दुसऱ्यांचे हात माझ्यावर ठेवणाऱ्या त्या बाईचा स्वतःचा हात माझ्यावर पहिल्यांदाच फिरत होता.

"हे कोणतं व?"

"मेथीचा म."

मनकर्णाबाईने ते अक्षर तीनदा गिरवले. मग ती म्हणाली, "सारा जलम मेथी विकली म्या. मले ठाऊक नोयतं, तिचं तोंड असं असते."

ती सोळाही अक्षरे शिकली. बाकीची शिकण्याआधीच ती गेली. पण त्या सोळा अक्षरांत तिच्या स्वतःच्या नावातला 'ण' नव्हता, म्हणून तिने रुख्मिणीकडून तो मुद्दाम आधी शिकून घेतला होता.

मित्रांनो, मी आता काही मागण्याच्या वयाची नाही. मला माळ्यावर ठेवा किंवा चुलीत घाला, तुमची मर्जी. मात्र एवढे ध्यानात असू द्या. तुमच्या घरात किंवा तुमच्या वर्गात कुणी असे मूल असेल, की ज्याच्या हाताखाली अक्षर मोडते. ते गप्प बसून हात मांडीखाली दाबून ठेवत असेल. त्याला येत नाही, असे म्हणण्याची घाई करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला काय कळते ते विचारा, आणि मूल बदलू पाहण्याआधी पाटी बदलून बघा.